'कच्चा पापड'चे 58 बिट
खानापुरात दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंजिनिअरिंग. डीएएच्या (अल्गोरिदमच्या विषयाच्या) तासाला हफमन कोडिंग आलं, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड देऊन मजकूर कमीत कमी बिटांत बसवायची रीत. कृती लगेच पाठ झाली: सगळ्यात कमी वेळा येणारी दोन चिन्हं जोडा, बेरीज परत रांगेत टाका, एकच झाड उरेपर्यंत हेच. डावीकडे 0, उजवीकडे 1, वरून चिन्हापर्यंतच्या वाटेतले आकडे म्हणजे त्याचा कोड. गणितं सुटत होती, पटत नव्हतं. एकदा जोडलेलं सोडवायचं नाही, पुढचं बघायचं नाही, तरी उत्तर सर्वोत्तम? 1, 3 आणि 4 ची नाणी असली तर 6 द्यायला अशीच ग्रीडी पद्धत (दर वेळी समोरचं सगळ्यात चांगलं दिसेल ते उचलणारी) 4+1+1 काढते. 3+3 तिला दिसतच नाही. मग इथं ती कशी चुकत नाही?

निपाणीचा रूममेट म्हणाला, "पेपरात कुठं विचारत्यात? सोड की."

तरी त्यालाच बसवलं आणि 'कच्चा पापड पक्का पापड' वहीत घेतलं. कॉम्प्युटर काना आणि हलन्तही वेगळे मोजतो. स्पेस धरून 21 चिन्हं: प 5, काना 4, क आणि स्पेस 3-3, च, ड, हलन्त 2-2. माझ्या झाडात सगळ्यात लांब कोड 3 बिटांचा, त्याच्यात 4 चा. वाद पेटणार तेवढ्यात बेरीज केली, दोघांचेही 58! आकडे सारखे असले की कुठली जोडी आधी घ्यायची ते आपल्यावर, एकूण तेच. सरसकट 3 बिट दिले असते तर 63. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर मजकूर साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, 456, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं (स्पेस 1). कन्नडचंही तेवढंच, सीमाभागात एवढ्यावर तरी वाद नाही.

गाठ सुटली अदलाबदलीनं. समजा प झाडाच्या चौथ्या पातळीवर (म्हणजे कोड 4 बिटांचा) आणि ड दुसऱ्या: 5×4 + 2×2 = 24 बिट. जागा बदलल्या की 18. म्हणजे सगळ्यात दुर्मिळ दोघांना तळाशी शेजारी बसवण्यात तोटा कधीच नाही. ती जोडी एकच चिन्ह धरली की तोच प्रश्न, एका चिन्हानं लहान.

1951 मध्ये एमआयटीत प्राध्यापक रॉबर्ट फानोंनी हाच प्रश्न विद्यार्थ्यांना परीक्षेऐवजी दिला होता. फानो वरून वाटणी करत खाली येत. डेव्हिड हफमननं खालून सुरुवात केली आणि 1952 मध्ये लेख छापला. झिप आणि जेपीईजीत ती रीत अजून आहे.

पापडाची फाइल मात्र प्रोग्रॅममधून मुळापेक्षा मोठी होऊन निघाली. 58 बिट आठ बाइटांत मावतात, पण कुठल्या चिन्हाला कुठला कोड ही यादीही सोबत जोडावी लागते. मजकूर लांब असेल तरच ती परवडते.