सुरुवातीपासून म्हणू का?

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सार्थक (नाव बदललंय) नाशिकला आमच्याकडे, म्हणजे अभ्यासात अडणाऱ्या मुलांची तपासणी होते तिथे, आला तेव्हा सात वर्षं दहा महिन्यांचा होता. वडील टेम्पो चालवायचे, आई पोळीभाजीचे डबे करायची. पिशवीत आधीच्या तपासणीचा एक पानाचा रिपोर्ट होता: बुद्ध्यांक 74, 'स्लो लर्नर'. चाचणी किती वेळ चालली, विचारलं.

"अर्धा तास पण नसेल. आणि सगळं इंग्लिशमधून," आई म्हणाली.

शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात सगळा व्यवहार मराठीत. असल्या आकड्याला माझ्या लेखी शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदाएवढी किंमत.

आमच्याकडे पहिली चिठ्ठी निघते ती कानाची आणि डोळ्यांची. पालक वैतागतात, पण कानात पाणी साठून कमी ऐकू येणारी मुलं 'अभ्यासात कच्ची' म्हणून आलेली मी पाहिली आहेत. सार्थकचे कान-डोळे ठीक निघाले. बुद्ध्यांक आमच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी मराठीतून काढला, दोन सकाळी, पोरगं खाऊनपिऊन आलेलं असताना. आला 103. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी त्यानं झपाझप जुळवली. ऐकलेले आकडे उलटे सांगताना मात्र गाडी अडली.

मग तो माझ्या टेबलाशी आला. मी विशेष शिक्षिका, लेखन-वाचन-गणित माझ्याकडे. त्याचंच मराठीचं पुस्तक उघडलं. पठ्ठ्यानं धडा घडाघडा वाचला, आवाजात चढउतार घेत. मी तक्त्यात 'वाचन: ठीक' लिहिलंसुद्धा. तेवढ्यात लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. तोंड धड्याच्या शेवटी पोचलं होतं आणि बोट अजून चौथ्या ओळीवर.

पान झाकलं, मधली एकच ओळ उघडी ठेवली. तो ओळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सुरुवातीपासून म्हणू का?"

वाचू का नाही, म्हणू का.

आईला विचारलं तेव्हा ती पटकन बोलून गेली, "मी पोळ्या लाटताना मोठ्यानं वाचते ना. दोनदा ऐकलं की त्याचं पाठ." 'ठीक' खोडलं आणि अर्थ नसलेल्या शब्दांची यादी काढली. इथे पाठांतर उपयोगाला येत नाही. 'कमाळ' दाखवलं, त्यानं 'कमळ' म्हटलं. 'लाडप'चा 'लाडू' झाला. म्हणजे पहिलं अक्षर लागतं, पुढचा सगळा अंदाज. घ आणि ध त्याला एकच. श्रुतलेखनात 'पाणी'ची वेलांटी गळली, 'मित्र'चा 'मित' झाला, 'सूर्य'चा 'सुय'. मराठीतला र तर चार वेष घेऊन येतो, धडधाकट मुलंही त्याला वचकून असतात. पण सार्थकच्या वहीतून तो पार नाहीसाच झाला होता. तोंडी हिशेब मात्र चोख: बारा डब्यांतले पाच दिले, किती उरले? माझं वाक्य संपायच्या आत उत्तर.

अहवाल समजावताना वडिलांनी आधी सर्टिफिकेटचं विचारलं. शाळेनं त्यासाठीच तगादा लावला होता. 2016 च्या कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन किंवा गणितात अडणं, अपंगत्वाच्या यादीत आली खरी, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नव्हतं, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. "दोन महिने कागद मिळणार नाही," मी म्हटलं, "पण शिकवायला कागद लागत नाही. सोमवारपासून आणा." शाळेला पत्र दिलं: वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका, उत्तरं तोंडी घ्या. पत्र फाइलला लागणार की बाईंपर्यंत पोचणार, याचा मला भरवसा नव्हता. म्हणून आईच्या हातात वेगळी प्रत दिली.

घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का, हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, कारण हे बरेचदा घराण्यात असतं. आई गप्प बसली. वडील बराच वेळ गाडीच्या किल्लीशी चाळा करत होते.

"मी सातवीत सोडली, मॅडम. मास्तर म्हणायचे, दगड आहे. चलनं हीच वाचते." मग थांबून, "याला पण कुणी दगड म्हणंल असं वाटलं नव्हतं."

सोमवारची वेळ मी चिठ्ठीवर लिहून त्यांना दिली. त्यांनी ती न बघताच घडी घालून बायकोकडे सरकवली. मी त्यांचा फोन मागून घेतला, त्यात बोलले, "सोमवार, सकाळी साडेदहा, पहिला मजला," आणि रेकॉर्डिंग त्यांनाच ऐकवलं. ते सार्थकनंही ऐकलं, एकदाच.

"पाठ झालं," तो म्हणाला.