कार्बनची तळाची प्रत

सोव्हिएत संघात छपाई सरकारच्या मुठीत होती. म्हणून लोकशाहीची मागणी टाइपरायटरवरून पसरली. पातळ कागद आणि कार्बन एकाआड एक लावायचे, कळा जोरात ठोकायच्या. तरी तळाची प्रत पुसटच. तीत ३ चा ८ वाचला, की पुढचा टाइपिस्ट तीच चूक सगळ्या प्रतींत उतरवणार.

एप्रिल १९६८ पासून मॉस्कोत निघालेलं ‘चालू घडामोडींची बखर’ हे टाइप केलेलं भूमिगत नियतकालिक अशा चुका पुढच्या अंकात उघडपणे दुरुस्त करी. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण रशियन दंडसंहितेच्या कलम ७० खाली (सोव्हिएतविरोधी प्रचाराचा गुन्हा) सात वर्षांपर्यंत कैद आणि वर हद्दपारीही होई.

वाचकाने बखरीसाठी बातमी द्यायची ती ज्याच्याकडून अंक मिळाला त्यालाच. अख्खी साखळी शोधू पाहणारा खबऱ्या ठरण्याची भीती असे.