तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीसाठी कोणतं लाकूड घ्यायचं?

अमेरिकेत न्यू इंग्लंडात किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात घर घेतलेली मराठी मंडळी पहिल्या थंडीआधी हमखास विचारतात: घरात वुड स्टोव्ह (लाकूड जाळून घर तापवणारी बंद शेगडी) आहे, त्यात कोणतं लाकूड घालायचं? सगळे ओक म्हणतात, मग ओकच मागवू का?

ओक उत्तमच. पण ऑक्टोबरात फोन करून मागवलेला ओक बहुतेक वेळा ओला निघतो, आणि ओल्या ओकपेक्षा सुका पाइन कधीही बरा. आधी लाकडात पाणी किती आहे ते बघा, मग झाडाची जात.

पूर्ण वाळलेलं लाकूड कोणत्याही झाडाचं असो, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच देतं, 4,500 ते 5,000 किलोकॅलरी. फरक पडतो तो वजनात. शेवगा किंवा पांगारा चुलीत घातला तर भुर्रकन जळून जातो आणि बाभळीचा निखारा तासन्‌तास धग धरतो, ते याचमुळे. बाभूळ जड, तेवढ्याच जागेत लाकूड जास्त. इथे लाकूड कॉर्डने (4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब ढीग), म्हणजे आकारमानाने विकतात, म्हणून जड लाकडाला भाव. एका कॉर्डमधून हिकरी सुमारे 2.75 कोटी बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) देते, रेड ओक आणि शुगर मेपल 2.4 कोटीच्या आसपास, अ‍ॅश त्यांच्या पाठोपाठ, पेपर बर्च 2 कोटी, आणि व्हाइट पाइन 1.5 कोटीच्या आतबाहेर.

हे आकडे सुक्या लाकडाचे. ताज्या तोडलेल्या रेड ओकमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 75-80 टक्के इतकं पाणी असतं. एक कॉर्ड रेड ओक वाळताना 600 लिटरच्या आसपास पाणी सोडतो. ओला जाळलात तर तेवढं पाणी तुमच्या स्टोव्हमध्ये उकळून वाफ होणार, आणि त्याला लागणारी उष्णता घराला मिळायची ती धुराड्यातून वर जाणार. शिवाय आग थंड राहते, लाकूड धुमसतं, स्टोव्हच्या दाराची काच काळी पडते. वर गेलेला धूर साधारण 120 अंश सेल्सियसखाली थंडावला की धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो. त्यालाच क्रिओसोट म्हणतात. तो पेटला की धुराडंच पेटतं, आणि मग घर वाचवण्याची वेळ येते. थर 3 मिलिमीटरचा झाला की साफसफाई पुढे ढकलू नका. थर नसला तरी वर्षातून एकदा धुराडं जाणकाराकडून तपासून घ्याच.

पाइनमुळे क्रिओसोट होतो असं इथले जुने लोकही सांगतात. तो दोष पाइनचा नाही, ओलाव्याचा आणि हवा कोंडून मंद ठेवलेल्या आगीचा आहे. सुका पाइन मोकळ्या हवेवर जाळला तर काही बिघडत नाही. फक्त तो लवकर संपतो.

लाकूड सुकं आहे की नाही हे कसं ओळखायचं? ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते घ्याच. पण बहुतेक जण ते ओंडक्याच्या टोकाला टोचतात आणि फसतात. टोक सगळ्यात आधी वाळतं. तिथे 15 टक्के दिसतील आणि पोटात 35 असतील. तुकडा आधी घरात आणून ठेवा, कारण गोठलेल्या लाकडावर आकडा कमी दाखवतो. मग कुऱ्हाडीने मधोमध फोडा आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या बाजूवर, लांबीच्या मध्यावर, यंत्राच्या दोन्ही सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने दाबा. 20 टक्क्यांच्या आत आलं तर जाळायला घ्या, 25 च्या वर असेल तर परत रचून ठेवा. गाडीभर लाकडातले असे पाच-सहा तुकडे तपासा, एकावर विसंबू नका. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड खणखणतं, ओलं थप्प करतं. टोकाच्या चिरा हे लक्षण मात्र कच्चं आहे, ओल्या ओकलाही महिनाभरात चिरा पडतात.

आता जाती. नव्या माणसाने अ‍ॅश घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ताज्या अ‍ॅशमध्ये पाणी 45 टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणून फोडून रचला की एका उन्हाळ्यात तयार होतो. रेषा सरळ, एका घावात दोन फाका. 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या हिरव्या भुंग्याने ही झाडं कोट्यवधींनी मारली, त्यामुळे वाळून उभी राहिलेली अ‍ॅशची झाडं ‘लगेच जाळा’ म्हणून विकली जातात. तीही तपासून घ्या. वरच्या फांद्या सुक्या असल्या तरी बुंध्यात ओल राहते. शुगर मेपलला आणि बीचला एक वर्ष द्या. ओकला मात्र दोन उन्हाळे लागतात, जाड फाका असतील तर तीन. ज्याच्याकडे जागा आणि धीर आहे त्याने ओक जरूर घ्यावा. हिकरी आणि ब्लॅक लोकस्ट धग धरण्यात त्याच्याही पुढे, पण पेटायला चिवट. बर्च आणला की ताबडतोब फोडा: त्याच्या सालीतून पाणी बाहेर पडत नाही, आणि न फोडलेला ओंडका आतल्या आत कुजतो. ती साल मात्र जपून ठेवा, आग पेटवायला तिच्याइतकं सोपं काही नाही. एल्म फुकट मिळाला तरी हाताने फोडायच्या भानगडीत पडू नका, धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि कुऱ्हाड अडकून बसते.

सगळं एकाच जातीचं घेण्यात शहाणपणा नाही. ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडीशीच ऊब हवी असते. तेव्हा पाइन, पॉप्लर, रेड मेपल. जानेवारीतल्या रात्रीसाठी ओक किंवा हिकरीच्या जाड फाका निखाऱ्यांवर दाटीने रचा, पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण मोकळी ठेवा, आणि लाकूड नीट धरलं की मगच हवेची झडप हळूहळू कमी करा. दिवसभर नुसता ओक घातला तर निखारे साचत जातात आणि नवीन लाकडाला जागाच उरत नाही. अशा वेळी निखारे पुढे ओढा, वर पाइनची एक बारीक फाक ठेवा आणि हवा उघडा, तासाभरात ढीग बसतो.

स्टोव्हमध्ये कधीच घालू नयेत अशा गोष्टी: रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड, प्लायवुड, समुद्रकाठची वाहून आलेली लाकडं (त्यांच्यातल्या मिठाने लोखंड गंजतं आणि धूर विषारी होतो). आणि बुंध्याला चिकटलेल्या केसाळ वेली. ती पॉयझन आयव्ही ही विषारी वेल असू शकते, तिचा धूर फुप्फुसात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो.

मागवायची वेळ मार्च-एप्रिल. कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी करतात तशीच ही थंडीची बेगमी, फक्त सहा महिने आधी. जवळचंच घ्या. किडे पसरू नयेत म्हणून न्यूयॉर्क राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड 50 मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे. पिशवीवर ‘हीट ट्रीटेड’ लिहिलेलं असलं तर किडे मेले एवढाच त्याचा अर्थ, सुकं असल्याची ती खात्री नाही. लाकडं स्टोव्हच्या आतल्या लांबीपेक्षा तीन इंच आखूड आणि 3 ते 6 इंच जाड असावीत. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर), जमिनीपासून उचलून, उन्हात आणि वाऱ्यावर एकेरी रांगेत रचा. झाकण फक्त वरून. बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर बुरशी धरते.

गाडी आली की रचून मोजा. कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब, 128 घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणून जे देतात ते 16 इंची लाकडाची एकच रांग, म्हणजे कॉर्डचा तिसरा हिस्सा. दर विचारताना कोणता कॉर्ड हे आधी विचारा, आणि रचून मोजल्यावरच उरलेले पैसे द्या.