तुम्ही विचारलंत म्हणून: बुवाचा डावा डोळा

लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, कुठंही बुवाला, म्हणजे आमच्या शित्झू जातीच्या छोट्या कुत्र्याला, घेऊन उभी राहिले की पहिलं वाक्य "अय्या किती गोड", दुसरं "अगं बाई, याचा एक डोळा कुठाय?" आणि मग तिसरं येतं, ज्याच्यासाठी मी आज हे लिहायला बसलेय, "वाचवता नाही का आला?" याची मी आजवर काय वाटेल ती उत्तरं दिलीत. खेळताना लागलं. मांजराने ओरबाडलं. जन्मापासूनच आहे. एका काकूंना घाईत मोतीबिंदू म्हणून मोकळी झाले तर त्यांनी त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. सगळं खोटं. खरं उत्तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत मावत नाही, आणि बहुतेक वेळा शेजारी माझी आई उभी असते.

तर एकदाच नीट सांगते.

शित्झू कसा असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही, निम्म्या सोसायटीकडे आहेत. फक्त डोळ्याचं सांगते कारण ते मलाही घेताना कोणी सांगितलं नव्हतं. थोबाड चपटं असलं की डोळ्याची खोबण उथळ होते, डोळा आत बसतच नाही, बाहेर येऊन राहतो, आपण ज्या टपोऱ्या डोळ्यांवर भाळतो ते टपोरे या कारणाने असतात. पापण्या झोपेतसुद्धा पुरत्या मिटत नाहीत. बुवा झोपला की पांढरी फट दिसायची आणि आम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचो, "जागृत देवस्थान" असं खाली लिहून. त्या फटीतून रात्रभर कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, वाळत असतो हे कळलं तेव्हा फोटोंचा ढीग झाला होता. त्यात नाकावरचे केस वर वाढतात ते डोळ्यात टोचतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला संवेदना मुळात कमी असते, दुसरं कुत्रं ज्याला विव्हळेल त्याला हे नुसते डोळे मिचकावतात. म्हणजे तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि हो, काळजी घेत होतो आम्ही. हे सांगावं लागतं कारण "वाचवता नाही का आला" मध्ये ते दडलेलंच असतं. रोज सकाळी सलाइनमध्ये भिजवलेला कापूस, नाकाकडून बाहेरच्या बाजूला पुसायचं, चिपडं सुटली की बारीक दातांच्या फणीने खालचे केस मोकळे करायचे, दर काही दिवसांनी नाकावरचे केस बोथट कात्रीने कापायचे, तेही तो झोपेला आला असताना कारण जागेपणी तो कात्रीलाच चाटतो. नाशिकला आमच्याकडे रंगपंचमी मोठी, राहाडी म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद उघडतात, त्या दिवशी बुवाला गॅलरीतसुद्धा सोडत नाही. गणपतीत गुलाल, देवघरात उदबत्ती, सगळ्यावर पहारा. ड्राय आयसाठी, म्हणजे अश्रू कमी पडतात त्यासाठी, मलम चालू होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, ते चुकलं नाही. निदान मला आठवतंय तसं नाही.

आता तो पावसाळा.

रविवारी संध्याकाळी बुवा डावा डोळा बारीक करून बसला होता. लाल होता, पाणी येत होतं. आमच्या डॉक्टरांचं क्लिनिक रविवारी बंद, फोन लागला नाही, सोमवारी सकाळी नेऊ म्हटलं. सोमवारी सकाळी बघते तर डोळा चक्क बरा दिसत होता. लाली उतरलेली. मी ऑफिसला गेले. संध्याकाळी परत तसाच, फक्त लाल नाही, ढगाळ. मंगळवारी सकाळी गेलो.

डॉक्टरांनी आधी ती कागदाची पट्टी पापणीत अडकवली, एक मिनिट धरतात, अश्रूंनी किती भिजते ते बघतात. 15 मिलिमीटर किंवा वर म्हणजे ठीक. बुवाची 4 वर थांबली. मग नारिंगी रंगाचा थेंब घातला, धुतला, दिवे बंद केले, निळा टॉर्च लावला. जिथे जखम असते तिथे हिरवं चमकतं. जवळजवळ अख्खा डोळा हिरवा होता. मधोमध एक काळा ठिपका होता, आणि मला खरंच वाटलं, चला, निदान तिथे तरी जखम नाहीये. उलट होतं. कॉर्निया असतोच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यातला सगळा थर खाल्ला गेला आणि शेवटचा पापुद्रा उरला की तो पापुद्रा रंग धरत नाही. काळा ठिपका म्हणजे भोक पडायला एक पापुद्रा बाकी. कडेचा भाग साबुदाण्याच्या खिरीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले मेल्टिंग. वितळतोय डोळा.

मग त्यांनी विचारलं, घरी काही घातलं का डोळ्यात?

मी नाही म्हणाले. अगदी ठामपणे. आणि आईनं तिची पिशवी उघडली, त्यातून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून ड्रॉप्सची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची, फ्रिजच्या दारात उरलेली. म्हणजे तिने बरोबर घेऊनच आणली होती, विचारतील म्हणून. डॉक्टरांनी बाटली फिरवून फिरवून बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, काकू, यात अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉईड आहे. बस, एवढंच. पुढे त्यांनी आईला एक शब्द ऐकवला नाही, आणि मला वाटतं ऐकवला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, तिथे एका जर्मन शेफर्डचं काहीतरी ओकून झालं होतं, त्याच्या शेजारी.

स्टिरॉईडने लाली उतरते, म्हणून सोमवारी सकाळी आम्ही सगळे खूश होतो. पण खाली जखम असेल तर ती भरायची थांबते, जंतूंना रान मोकळं मिळतं आणि कॉर्निया विरघळवणारी एन्झाइम्स आणखी जोर धरतात. मोतीबिंदूनंतरच्या ड्रॉप्समध्ये ते सर्रास असतं. हे मी आता कुणालाही सांगते, अगदी न विचारता.

डॉक्टर म्हणाले मुंबईला स्पेशालिस्टकडे नेलंत तर डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरची त्वचा ओढून जखमेवर शिवतात, ग्राफ्ट. फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. तोवर बुवाचंच रक्त काढून, फिरवून, वरचं पिवळं सीरम एका बाटलीत भरून दिलं, ते दर तासाला एक थेंब, दिवसरात्र. मध्ये अँटिबायोटिक. मध्ये ॲट्रोपिन, डोळ्याचं दुखणं कमी करणारे थेंब, जे घशात उतरतं आणि इतकं कडू असतं की तोंडाला फेस यायचा. गळ्यात तो प्लास्टिकचा कोन. रात्रीची पाळी आईनं घेतली. मला घेऊच दिली नाही. मोबाईलवर अलार्म लावता येत नाही तिला, तर ती झोपलीच नाही, स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून उशाशी ठेवलं.

बुधवारी पहाटे तिनं हाक मारली. बुवा एकदाच ओरडला होता. उशीच्या अभ्र्यावर पाणी होतं आणि डोळ्यात मधोमध तपकिरी रंगाचं काहीतरी बाहेर आलेलं. फुटला होता.

आता तुमचा प्रश्न. वाचवता नाही का आला?

आला असता कदाचित. हे उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. फुटल्यावरसुद्धा शिवायचा प्रयत्न करतात, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आशा कमी झालीये पण शून्य नाही. डोळा राहिलाच तर दिसेल किती सांगता येत नाही. किंवा आज इथेच काढून टाकू. नवरा म्हणाला गाडी काढतो. आई म्हणाली एफडी मोडा माझी, पण न्या. बाहेर जुलैचा पाऊस, पुढे कसारा घाट, चपट्या नाकाचा, धापा टाकणारा कुत्रा, आणि तिकडे पोचून पुन्हा भूल, जी या नाकांना आधीच धोक्याची असते. मी म्हणाले काढून टाका.

कारणं देते, ऐका. डोळ्यात जंतू होते. अश्रू 4 मिलिमीटर, म्हणजे शिवलेला डोळाही कोरडाच राहणार होता. त्याला दुखत होतं आणि काढल्यावर दुखणं थांबणार होतं, ग्राफ्टनंतर आठवडेच्या आठवडे थेंब आणि कोन. कुत्रा एका डोळ्यावर मजेत जगतो. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती नवऱ्याला त्याच क्रमाने सांगितली. आणि मी दमले होते. आणि खर्चाचा आकडा डोक्यात होता. यातलं कुठलं कारण आधी आलं आणि कुठलं मागाहून चिकटवलं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आता तर सगळं मिसळून गेलंय.

डोळा काढला, पापण्या कायमच्या शिवून टाकल्या, बारा-चौदा दिवसांनी टाके निघाले, वर केस आले. बुवा तर दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा मागत होता. जिना उतरताना महिनाभर डावीकडच्या भिंतीला धडकायचा, मग मान तिरकी धरायला शिकला.

आई नाही शिकली. तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, एकदाच म्हणाली, भांडी लावता लावता, "माझ्या हातून गेला, तो माझ्या पैशानं वाचला असता तर माझं मला बरं वाटलं असतं. तू तेवढंही ठेवलं नाहीस." मी म्हणाले आई, डोळा कुत्र्याचा होता, तुझ्या मनाचा नव्हता. हे बरोबरच होतं. पण बोलायला नको होतं असंही वाटतं, आणि परत वाटतं की का नको?

आणि ड्रॉप्समुळेच गेला का? डॉक्टरांना मी हे एकटी जाऊन विचारलंय. ते म्हणाले, असे डोळे काही न घालताही दोन दिवसांत वितळलेले पाहिलेत, आणि ड्रॉप्सने नक्कीच मदत केली नाही. या दोन वाक्यांमध्ये आमचं घर राहतं. आई दुसरं धरून बसलीये, मी पहिलं.

पहिलंच धरणार मी. कारण बघा ना, आपल्याकडे 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं 23 जातींची यादी काढली, माणसांना धोकादायक म्हणून, पुढे कोर्टात अडकली ते सोडा. कुत्र्याला स्वतःचंच शरीर धोकादायक असेल तर त्याची यादी कोणी करायची? नेदरलँड्सने केली. 2019 पासून तिथे नाक कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असेल तर त्या कुत्र्याची पैदास करता येत नाही, आणि तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, ज्या जातींना वंशावळीचे कागद द्यायचे थांबवले त्यात शित्झूही आहे. म्हणजे जे आपण "क्यूट फेस" म्हणून जास्त पैसे देऊन घेतो ते तिथे व्यंग धरतात. हे वाचलं तेव्हा मी आईला लगेच दाखवलं, बघ, तुझे थेंब नाहीत, बनवलेलाच असा आहे. तर ती म्हणाली, "मग आणला कुणी?"

मी आणला. फ्लॅटमध्ये राहतो, मोठं कुत्रं नको, केस गळत नाहीत, भुंकत नाही, म्हणून. त्या वेळची मी आज समोर आली तर म्हणेल, अगं पण बघ ना किती आनंद दिलाय त्यानं घराला, बाबा गेल्यावर आई कुणामुळे उठून फिरायला जायला लागली? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाहीये. दुसरा शित्झू मी घेणार नाही. पण बुवा नसता तर बरं असतंही म्हणवत नाही. दुसऱ्या मजल्यावर पिल्लू बुक केलंय त्यांना मी जातीबद्दल काही बोलले नाही, फक्त म्हणाले डोळा बारीक केला तर रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी निळ्या टॉर्चवाला डॉक्टर शोधा, आणि माणसांचे ड्रॉप्स फ्रिजमधून फेकून द्या. त्यांना ते जरा जास्तच वाटलं, चेहऱ्यावरून कळलं.

हे सगळं टाकण्याआधी आईला वाचून दाखवलंय. तिचं म्हणणं, लिही, एकदाचं लोक विचारायचे तरी थांबतील. एवढंच म्हणाली की थेंब किती वेळा घातले ते लिहू नको, कारण ती म्हणते दोनदा आणि मी बाटली पाहिलीये. म्हणून नाही लिहिलं.

आता उजवा. त्याची पट्टी मागच्या वेळी 9 आली. दर तीन महिन्यांनी मोजतो. नवऱ्यानं परवा गाडीत विचारलं, याचं काही झालं तर नेणार का मुंबईला? आई मागच्या सीटवर होती, बुवा तिच्या मांडीवर. मी म्हणाले, सिग्नल सुटलाय, चल.