डाव्या नळीचा प्रश्न

14 जून 2024, शुक्रवार

लोकसभेचा निकाल 4 तारखेला लागला, आचारसंहिता उठली आणि ठाण्यात जमा केलेली बंदूक आज घरी आली. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांची दर निवडणुकीला हीच वरात. हातात पावती, बाकावर शेजारीपाजारी, कुणाच्या फणसांची माकडांनी काय दशा केली त्याच्या गप्पा. घरी आल्यावर पहिला तास गंज शोधण्यात गेला. कोकणातली हवा आणि पोलाद यांचं कधी जमलेलं नाही.

तेल लावताना तात्या ओट्यावर येऊन बसला. त्याचं जुनंच टुमणं, नळ्यांच्या तोंडाशी जो आवळ असतो, चोक, तो काढण्याचं. "ह्या नळ्यांची तोंडा मोकळी करून घे रे. चोक कित्याक होयो तुका?"

कोल्हापूरच्या परवानाधारक कारागिरानेही फोनवर तेच सांगितलं होतं. दोन्ही नळ्या आतून घासून सरळ करायच्या, मग एसजी, एलजी अशी जाड छर्र्यांची कुठलीही काडतुसं घाला, छान पसरतील, एकच अख्खी गोळीसुद्धा चालेल. आजोबांची ही बर्मिंगहॅमची दुनळी. परवान्यावर बारा बोअर, डीबीबीएल, म्हणजे मागून भरायची दुनळी. नळ्या खोलल्या की खाली मुकुट आणि त्याखाली बीपी, एनपी असे चाचणीचे ठसे दिसतात, आणि दोन्ही नळ्यांवर इंग्रजीत शब्द कोरलेला: चोक. लहानपणी मला वाटायचं, हे बंदुकीचं नाव.

तात्याला एकदा कागदावर काढून दाखवलं. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास, साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते, तो चोक. किंचित म्हणजे अगदीच किंचित. फुल चोक म्हणजे एक मिलिमीटर, हाफ म्हणजे अर्धा. एवढ्यावर सगळा खेळ. 40 यार्डांवर 30 इंचांचं वर्तुळ आखलं तर फुल चोक त्यात शंभरातले सत्तर छर्रे घालतो, अजिबात चोक नसलेली नळी चाळीस. ग्रीनर नावाच्या बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्याने 1874 च्या सुमारास ही कला लोकांना पटवून दिली, तेव्हापासून लांबचा पक्षी पडू लागला. तात्या म्हणाला, "आमका लांबचो पक्षी खंय मारूचो आसा?"

बरोबर बोलला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. आजोबा मारायचे त्या हरोळ्या आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहेत. रानडुकरालाही वनखात्याची परवानगी असल्याशिवाय हात लावता येत नाही. वर्षभरात मी काढतो ते चार-पाच बार, तेही भात पिकल्यावर, रात्री, आभाळाकडे. आभाळात छर्रे किती पसरतात याची चिंता कुणी करावी?

तरी डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

16 जून, रविवार

पाऊस दुपारी थांबला. मळ्याच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे, त्याच्यामागे आमचाच डोंगर. जुनी चादर बांबूला बांधली, टेपने 20 यार्ड मोजले, गडी-माणसांना घराकडे पिटाळलं. बीबीची, म्हणजे एसजी-एलजीहून बारीक छर्र्यांची, दोन काडतुसं. मोजून मिळणाऱ्या काडतुसांपैकी दोन चादरीवर घालवताना जीव कळवळला. खडकीच्या कारखान्याचं ते शक्तिमान नाव लहानपणापासून बघतोय, अजूनही पुठ्ठ्याची पेटी उघडताना आजोबांच्या खोलीचा वास येतो असं वाटतं. (पेटी गेल्या वर्षीची आहे.)

मागचा चाप, डावी नळी. भोकं दोन वितींत. जेवणाच्या परातीएवढं गोल, मध्ये तर चाळणच.

पुढचा चाप, उजवी. भोकं तीन वितींच्याही बाहेर.

चोकचा ठसा दोन्हींवर तोच. मग हे काय?

19 जून, बुधवार

आतेभाऊ कुडाळच्या एमआयडीसीत लेथवर बसतो. माझा परवाना आमच्या हद्दीपुरता, म्हणून बंदूक त्याच्याकडे न नेता तोच बोअर गेज, म्हणजे नळीचा आतला व्यास मोजायचं साधन, घेऊन आला. आल्या आल्या त्याने दोनदा वाकून बघितलं, नळ्या रिकाम्या आहेत ना. त्याचं हे मला आवडतं.

डावी: आत 18.5, तोंडाशी 17.5. पक्का फुल चोक.

उजवी: आत 18.5, तोंडाशी 18.35. चोक म्हणायला दीड दशांश उरलाय.

नळी कापून आखूड केली असती तर दोन्हींचा चोक एकदम गेला असता. म्हणजे कुणीतरी फक्त उजवी, आतून, मोजून मापून मोकळी केलेली. ठसा बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हाचा. नंतर नळीत काय झालं ते ठसा सांगत नाही, गेजच सांगतो. मी चाळीस वर्षं ही बंदूक पुसतोय आणि मला पत्ता नाही.

डावीचंही तसंच करू का, हे मी त्याला विचारलं. तो यंत्रावरचा माणूस, त्याला बंदुकीचं प्रेम नाही, म्हणून त्याचं मत मला हवं होतं. त्याने गेज पुसत म्हटलं, "करूक पाच मिन्टा. पण काढलेला परत घालूक येवचा नाय." स्क्रूचे बदलते चोक बसवतात म्हणे, पण त्याला तोंडाशी भिंत जाड लागते, आणि या जुन्या बर्मिंगहॅमच्या नळ्या वजन वाचवायला तासून पातळ केलेल्या.

गोळीचा मुद्दा मात्र तात्याला नीट सांगावा लागेल. उजवी मोकळी आहे म्हणून उद्या कुणी गोळी भरली आणि अंधारात घाईने चाप मागचा ओढला, तर ती फुल चोकमध्ये आवळून निघणार. बोअरच्या मापाची गोळी असेल तर नळीच फाटायची. त्यापेक्षा गोळी या घरात येणारच नाही, हे सोपं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा त्र्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, बंदुकीचं मात्र ऐकू येतं. त्यांना आठवलं. ते शाळेत असताना आजोबा बंदूक घेऊन एसटीने बेळगावला गेले होते आणि दोन दिवसांनी परतले होते. झाडीत जवळून उठणाऱ्या पक्ष्याला उजवी, लांब गेलेल्याला डावी, असा त्यांचा हिशेब असणार, मी म्हटलं. इंग्रजी दुनळ्या मुळातच अशा करतात, पहिला बार पसरट, दुसरा आवळलेला. आजोबांनी विचार करून एकच नळी केली.

बाबांनी भाताचा घास गिळला. "विचार खयचो? दुसऱ्या नळयेक पैशे सरले असतले."

20 जून, गुरुवार

कोल्हापूरला फोन करून नको म्हणून कळवलं. तिकडून विचारणा झाली, मग निदान दस्त्याला पॉलिश तरी?