नान्नजच्या माळावर एक सकाळ

जूनच्या शेवटच्या रविवारी पहाटे पाचला आम्ही तिघं मावसभावंडं सोलापुरातून निघालो. बार्शी रस्त्यानं नान्नज, म्हणजे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, वीसेक किलोमीटर. एसटीही जाते, पण उजाडताना माळावर हजर राहायचं असेल तर स्वतःची गाडीच हवी. परवानगीचं आणि वाटाड्याचं वनखात्याकडे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पावसाळा हा पक्ष्यांच्या विणीचा काळ, त्यामुळे कुठवर जाऊ देतील ते तेच सांगतात.

"मामा, माळढोक दिसेल का?" धाकटीनं आमच्या वाटाड्या मामांना पहिलाच प्रश्न टाकला.

"ढोक बघायला आलाव तर रिकामं जाशीला. माळ बघा."

मामांचं मला पटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. माळढोकाची आस धरून येऊ नका. पहिल्या सरींनी कुसळी आणि पवन्या ही गवतं नुकती हिरवी झाली होती. काळविटांचा कळप उन्हं यायच्या आत चरत होता. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढायचा, मग दगडासारखा खाली कोसळायचा, जमिनीजवळ आला की पुन्हा वर. अर्धा तास आम्ही तेवढंच बघत बसलो.

निरीक्षण मनोऱ्याकडे चालताना मामांनी एकदम माझा दंड धरला. माझ्या पुढच्या पावलापासून वीतभर अंतरावर माळटिटवीची चार अंडी. मातकट, वर काळपट ठिपके, भोवती बारीक खडे. घरटं कसलं, जमिनीतला नुसता खळगा. मामा नसते तर माझा पाय पडलाच असता. माळढोकाची मादीही अशीच उघड्या जमिनीवर अंडं घालते, तेही वर्षाला बहुधा एकच. गुरांचा खूर, भटकं कुत्रं किंवा माझ्यासारख्याचा बूट, की त्या वर्षीची वीण संपली. म्हणून पायवाट सोडू नका, ड्रोन उडवू नका, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका आणि घरट्याची जागा फोटोसोबत टाकू नका.

बेटावरचे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असेच संपतात. मॉरिशसचा डोडो गेला. न्यूझीलंडचा काकापो हा न उडणारा पोपट 1995 साली अवघा 51 उरला होता. शिकारी प्राणी नसलेल्या छोट्या बेटांवर नेऊन जपला, म्हणून आज दोनशेच्या वर आहे. नान्नजचा माळही बेटच, फक्त भोवती ऊस आणि द्राक्षबागा. 1979 साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, पुढे ते सुमारे 1,222 वर आलं. शेतकऱ्याला दोष देववत नाही. पाणी आलं, माळाचं शेत झालं, सोनाका द्राक्ष याच नान्नजची. मला जास्त सलतं ते 'पडीक' म्हणून गवताळ माळावर झाडं लावणं. माळढोकाला झाडी नको असते, लांबवर नजर जाईल असं गवत हवं असतं. त्यात विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यानं समोरची तार उशिरा दिसते, आणि पंधरा किलोपर्यंतचं धूड ऐनवेळी वळत नाही.

आता देशात दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथं 2019 पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतात. उद्या त्यातली काही इकडे सोडायची ठरली, तर सोडायला माळ हवा. मला नान्नजची काळजी वाटते ती त्यासाठी.

तयारीचं म्हणाल तर मातकट रंगाचे कपडे, दुर्बीण आणि भरपूर पाणी घ्या. माळावर सावली नाही. भोवत्या हे हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत या. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्या, प्लॅस्टिक परत आणा. परतीला वेळ उरला तर हिप्परग्याचा तलाव करा.

निघताना आम्ही लांबचा वळसा घालून आलो. दुर्बिणीतून पाहिलं, टिटवी परत अंड्यांवर बसली होती.