गोफण आणि चादरी

जर्मन वॉशिंग मशीनवर एक शब्द हमखास असतो, श्लॉयडर्न. आपण स्पिन म्हणतो आणि मोकळे होतो, पण श्लॉयडर म्हणजे चक्क गोफण हो! बायबलमधल्या डेव्हिडने धिप्पाड गोलियाथला लोळवलं ती श्लॉयडर, आपल्याकडे मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकलतात तीही श्लॉयडर, आणि तळघरातल्या मशीनमध्ये चादरी गरगरतात ते श्लॉयडर्न. त्याच्या आधी ट्रॉकन म्हणजे कोरडं लावलं की झालं ट्रॉकनश्लॉयडर्न, भिरकावून भिरकावून कोरडं करणं.

आता गोफणीतून धोंडा सुटतो, इथे कपडे कुठे सुटतात? नीट बघा, ड्रमला भोकं असतात, कपडे कडेला चिकटून बसतात आणि सुटतं ते पाणी. म्हणजे धोंडा पाण्याचा. हे ज्याला सुचलं त्याला मानलं बुवा.

ही गोफण मधावरही फिरली. १८६५ साली हृश्का नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने पोळं न मोडता गरागरा फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं, सांगतात की पोराने पोळ्याचा तुकडा टोपलीत घालून फिरवला ते बघून सुचलं, खरंखोटं ते पोरगंच जाणे, पण त्या यंत्राला जर्मनमध्ये मधाची श्लॉयडरच म्हणतात. दुधाचंही तसंच. आज वॉशिंग मशीनसाठी नाव असलेल्या मीले कंपनीने १८९९ मध्ये सुरुवात केली ती दुधातली साय फिरवून वेगळी करायच्या यंत्रापासून, मग लोणी काढायची यंत्रं केली, आणि १९०१ च्या सुमारास त्याच घुसळायच्या लाकडी पिंपावरून कपडे धुवायचं मशीन. ताक आणि सदरे एकाच घराण्यातले!

गंमत म्हणजे वाक्यात घातलं की ट्रॉकनश्लॉयडर्न हे क्रियापद तुटतं. श्लॉयडर्न आधी येतं, मग टॉवेल, चादरी, मोजे जे काय असेल ते, आणि ट्रॉकन पार शेवटी. यादी लांबली तर कपडे वाळले की नाही हे ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

गाडी घसरून गोल फिरली तरी श्लॉयडर्न, आणि फायटर विमानातून पायलटला बाहेर फेकणारी सीट म्हणजे श्लॉयडरची खुर्ची. लोकरीच्या स्वेटरच्या लेबलवर मात्र बरेचदा श्लॉयडर्न नको असं लिहिलेलं असतं. तो बिचारा टॉवेलात गुंडाळून दाबायचा, आडवा पसरायचा, आणि मग दोन दिवस जेवायच्या टेबलावर जेवायचं नाही.